गिरणीतल्या बायका, पालकाचं पान आणि आठवड्याची एक गोळी

संशोधनाची तयारी करताना ‘औषधाचा इतिहास’ आपण बहुतेक वेळा प्रस्तावनेत दोन ओळींत उरकतो. आमवाताच्या बाबतीत तसं करू नका. इथे इतिहास नीट वाचला, तर डहाणू-तलासरीतल्या रुग्णाला काय विचारायचं तेही कळतं.

आधी आजार. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा स्वयंप्रतिकार आजार आहे. जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पट जास्त होतो. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत. आवणीच्या दिवसांत पहाटे भाताची रोपं उपटून मुठी बांधायच्या असतील, तर हा तास केवढा मोठा होतो याचा विचार करा. आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. उपचार लवकर सुरू झाले तर हात वाकडे होणं बरंचसं टाळता येतं आणि माणूस कामाला लागतो.

ताबा मिळवणारं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट, आणि त्याची गोष्ट आपल्या मुंबईत सुरू होते. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गरोदर बायकांमधला जीवघेणा पंडुरोग अभ्यासायला इथे आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायकाही त्यात होत्या. यीस्टच्या अर्कानं, म्हणजे पावाला लावायच्या साध्या मार्माइटनं, बायका सुधारतात हे तिनं १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. तो गुणकारी घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून नाव पडलं फॉलिक आम्ल.

मग अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटानं हे आम्ल तर बनवलंच, शिवाय त्याचे तोतयेही बनवले. पेशीला वाटावं फॉलिक आम्लच आलं, पण त्यानं काम मात्र करू नये. असाच एक तोतया, अमिनोप्टेरिन, सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना दिला आणि काही मुलं काही काळ सुधारली. हे १९४८ मध्ये छापून आलं. मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड.

१९५१ मध्ये गुबनर यांनी अमिनोप्टेरिन आमवाताच्या रुग्णांना दिलं. गुण आला, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. कारण तेव्हा सगळे कॉर्टिसोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या, प्रेमात होते; १९५० चं नोबेलही त्यालाच मिळालं होतं. स्टेरॉइडनं रुग्ण चार दिवसांत उठून बसतो, मेथोट्रेक्सेटला सहा ते बारा आठवडे लागतात. कोण थांबणार? नीट चाचण्या व्हायला १९८५ उजाडलं आणि अमेरिकेत आमवातासाठी मान्यता १९८८ मध्ये मिळाली. मला विचाराल तर ही शर्यत अजून संपलेली नाही. झटपट आराम देणारी गोळी आजही आधी पोटात जाते. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि सांधा आतून झिजतच राहतो.

आपल्याकडचा एक अभ्यास जरूर वाचा. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटानं इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. आमवात निघाला हजारी साधारण पाच जणांना. पण तो आकडा उचलून तलासरीला लावू नका. इथल्या आदिवासी समाजांमध्ये सिकलसेल आढळतो आणि त्यातही सांधे दुखतात, सुजतात. आधी रक्त तपासायचं, मग नाव द्यायचं.

आता प्रश्नावलीकडे या. ‘औषध नियमित घेता का?’ हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून विचारा, ‘गोळीचा वार कोणता?’ आठवडे बाजाराच्या दिवसाशी जोडला तर वार लक्षात राहतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा गुजरातच्या बोटींवर जाणाऱ्यांना विचारा, यकृताची आणि रक्ताची तपासणी तिकडे कोण करतं? लोकल डहाणू रोडपर्यंत २०१३ मध्ये आली खरी, पण मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. ‘का नाही गेलात?’ असं विचारण्याआधी तो हिशेब मांडा.

आणि तरुण बाईला विचारा, दिवस राहण्याचा विचार आहे का? हे औषध गर्भाला घातक आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही महिने आधीच बंद करावं लागतं, त्याऐवजी चालणारी दुसरी औषधं आहेत. गंमत बघा, त्याच बाईला मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक आम्लही देतात, बहुधा वेगळ्या वारी. म्हणजे विल्सबाईंचा शोध आणि त्याचा तोतया एकाच पिशवीत. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा लहान आणि पिवळ्या असतात. त्यामुळे घरी गेलात की पिशवी उघडायला सांगा आणि कोणती कधी घेता ते हातात धरून दाखवायला सांगा.