स्विस पेढीचे मौन

१. ‘स्विस पेढीचे मौन’ : लेखकाने हे शब्द योजिले तेव्हा ते यथार्थच होते, कारण स्वित्झर्लंडच्या १९३४ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमान्वये खातेदाराचे गुपित फोडणे हा फौजदारी गुन्हा होता, आणि परकी सरकारास काही हवे असल्यास त्याने विशिष्ट इसमाविषयी रीतसर अर्ज करून उत्तराची प्रतीक्षा करावी, असा रिवाज होता. ज्याचा संशयच आला नाही, त्याच्याविषयी पृच्छा करावी कशी, ही त्यातली खरी मेख. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१४ साली सिद्ध केलेल्या सामायिक पद्धतीने ती उपटली : पेढीने खाते उघडतानाच ‘आपण कर कोणत्या देशात भरता?’ हे लेखी घ्यावयाचे. नाव, पत्ता, जन्मतारीख, करक्रमांक (आपल्याकडील पॅन), वर्षअखेरची शिल्लक, व्याज व लाभांश यांचा तपशील आपल्या सरकारच्या हवाली करावयाचा. आणि त्या सरकारने तो, कोणी न मागता, पुढील सप्टेंबरअखेर खातेदाराच्या देशाकडे रवाना करावयाचा. भारतास स्वित्झर्लंडकडून अशी पहिली माहिती, २०१८ सालच्या खात्यांसंबंधी, सप्टेंबर २०१९ मध्ये मिळाली. घर, जमीन, तिजोरीतले सोने हे या यादीत येत नाही. आणि २०१० च्या स्वतःच्या कायद्याने इतरांची दफ्तरे उघडविणारी अमेरिका या पद्धतीत सामील नाही, हा शेजारधर्म काहीसा एकतर्फीच म्हणावयाचा. स्वित्झर्लंडचे ते ४७ वे कलम मात्र अद्याप रद्द झालेले नाही. अशा माहितीत नाव असणे म्हणजे करचुकवेगिरी सिद्ध होणे नव्हे, विवरणपत्रात रीतसर दाखविलेले खातेही तीत असते, हे वाचकाने ध्यानी ठेवावे. — संपादक