रविवारच्या शाळेतील अभिवचने

देवाने दिलेल्या अभिवचनांवर मुलांनी भरवसा ठेवावा, हा आज जगभरच्या संडे स्कूलमधला एक मुख्य धडा आहे. ही संस्था सुरू झाली तेव्हा तो तसा नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रविवारच्या शाळा निघाल्या त्या अक्षरओळखीसाठी. आणि खरे सांगायचे तर सुटीच्या दिवशी रस्त्यावर धुडगूस घालणाऱ्या कामकरी मुलांना आवर घालण्यासाठी.

ग्लॉस्टर शहरात टाचण्या तयार करण्याचा धंदा जोरात होता आणि त्यात लहान मुले राबत. आठवड्याचे सहा दिवस काम, सातव्या दिवशी मोकाट, असा त्यांचा क्रम. रॉबर्ट रेक्स हा तिथल्या ‘ग्लॉस्टर जर्नल’ या वृत्तपत्राचा मालक. तुरुंगातील कैद्यांसाठी तो अनेक वर्षे खटपट करत होता आणि गुन्हेगारीचे मूळ बालपणीच्या अज्ञानात आहे, अशी त्याची खात्री झाली होती. १७८० मध्ये त्याने शहरातील गरीब वस्तीत रविवारची आपली पहिली शाळा उघडली. चार बाया शिकवायला ठेवल्या आणि प्रत्येकीला रविवारच्या कामाचा एक शिलिंग देऊ केला. मुलांनी सकाळी दहानंतर यायचे, बारापर्यंत बसायचे, घरी जाऊन एकला परतायचे, वाचन झाले की चर्चला जायचे आणि तिथून आल्यावर पाच वाजेपर्यंत प्रश्नोत्तरावली म्हणायची. प्रवेशाची अट एवढीच की हात-तोंड धुतलेले आणि केस विंचरलेले असावेत. कपड्यांबद्दल विचारणा नव्हती.

या कल्पनेचा जनक म्हणून रेक्सचे नाव घेतले जाते, ते पुरते बरोबर नाही. हाय विकम या गावी हॅना बॉल या मेथडिस्ट बाईने १७६९ मध्येच अशी शाळा चालवली होती. रेक्सच्या हातात वृत्तपत्र होते, हा फरक. १७८३ च्या नोव्हेंबरात त्याने आपल्या प्रयोगाची हकिकत छापली, ती इतर नियतकालिकांनी उचलली, आणि काही वर्षांत गावोगावी अशा शाळा निघाल्या.

त्यांत मुलांना देवाचे नाव शिकवले जाई, पण भर आज्ञांवर असे. चोरी करू नये, शिवीगाळ करू नये, आपल्या पायरीने राहावे. सॉमरसेटमधील चेडर इथे लेखिका हॅना मोर यांनी १७८९ मध्ये शाळा काढली, तेव्हा गरिबांच्या मुलांना वाचायला शिकवावे, लिहायला नको, असा त्यांचा स्पष्ट दंडक होता. वाचता आले म्हणजे बायबल कळते. लिहिता आले तर मुले भलत्या महत्त्वाकांक्षा धरतील, ही भीती त्यामागे होती. उलट बाजूने काही वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना एवढेही वाचन धोक्याचे वाटे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या त्या दिवसांत बिशप सॅम्युएल हॉर्सली यांनी १८०० साली काही रविवारच्या शाळांवर राजद्रोहाचे अड्डे असल्याचा संशय जाहीरपणे घेतला होता.

संशय घेणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. वाचायला शिकलेले मूल बायबलमध्ये काय काय वाचील, यावर शिक्षकाचा ताबा राहत नाही. अमेरिकेतील मेरिलँडमध्ये गुलाम म्हणून राबणाऱ्या तरुण फ्रेडरिक डग्लसने १८३० च्या दशकात आपल्या जातभाईंसाठी गुपचूप शब्बाथशाळा चालवली. आधीची एक शाळा गोऱ्यांच्या जमावाने उधळून लावली होती; या दुसऱ्या शाळेत चाळिसावर विद्यार्थी येत. मिसरातल्या गुलामगिरीतून सोडवण्याचे जे अभिवचन इस्राएल लोकांना मिळाले, ते अशा शाळेत कोणत्या कानांनी ऐकले जात असेल, हे वेगळे सांगायला नको. मालकांनी गुलामांना धर्म शिकवावा पण अक्षर शिकवू नये, असा तिथला रिवाज होता, तो उगाच नव्हे.

वेल्समध्ये या शाळांचे वळण निराळे होते. तिथे प्रौढ माणसेही रविवारच्या शाळेत बसत आणि शिक्षण वेल्श भाषेत चाले. थॉमस चार्ल्स या धर्मोपदेशकाने बाला गावाला केंद्र करून त्यांचे जाळे विणले. मेरी जोन्स नावाच्या विणकराच्या मुलीने सहा वर्षे पैसे साठवले आणि १८०० साली सुमारे २५ मैल अनवाणी चालत बायबल विकत घ्यायला ती चार्ल्सकडे आली, ही कथा संडे स्कूलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. सांगता सांगता तिला पुष्कळ रंग चढला. वेल्श बायबलची टंचाई मात्र खरी होती, आणि तीतूनच चार्ल्स व त्याच्या सहकाऱ्यांनी १८०४ मध्ये लंडनला बायबल सोसायटी उभी केली. स्वस्त छापील बायबल मुलांच्या हाती आले नसते, तर पुढची पाठांतराची पद्धत रुजलीच नसती.

१८५१ च्या शिरगणतीत इंग्लंड आणि वेल्सच्या रविवारच्या शाळांच्या पटावर सुमारे २४ लाख नावे होती. एकट्या स्टॉकपोर्टची शाळा काही हजार मुलांची होती. तिच्यासाठी १८०५ मध्ये गिरणीसारखी मजल्यांवर मजले असलेली इमारत बांधली होती. तोवर शिक्षकही बदलले होते. पगारी बायांची जागा हौसेने शिकवणाऱ्या तरुण-तरुणींनी घेतली. त्यांना व्याकरणापेक्षा मुलाच्या आत्म्याची काळजी अधिक. पुढे १८७० च्या कायद्याने इंग्लंडात सरकारी प्राथमिक शाळांची सोय झाली आणि अक्षरओळखीचे काम रविवारच्या शाळेच्या हातून गेले. उरली ती शास्त्रवचने, आणि त्यांतही अभिवचने.

ती मुलांच्या अंगी मुरवण्याचे पहिले साधन पाठांतर. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वचने पाठ करण्याची चढाओढ लागे आणि त्याबद्दल रंगीत तिकिटे मिळत. मार्क ट्वेनने ‘टॉम सॉयर’ (१८७६) या कादंबरीत या पद्धतीची टर उडवली आहे. दोन वचनांना एक निळे तिकीट, दहा निळ्यांचे एक लाल, दहा लालांचे एक पिवळे, आणि दहा पिवळी जमली की साध्या बांधणीचे बायबल बक्षीस. हिशेब केला तर दोन हजार वचने भरतात. टॉम ती पाठ करण्याऐवजी इतर पोरांकडून वस्तूंच्या बदल्यात तिकिटेच मिळवतो. अतिशयोक्ती ट्वेनची, पण दुखणे खरे होते. वचन बक्षिसाचे चलन झाले की त्याचा अर्थ मागे पडतो, हे चाणाक्ष शिक्षकांना कादंबरी येण्यापूर्वीच कळले होते. १८२४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन संडे स्कूल युनियनने लवकरच ठरावीक छोट्या पाठांची योजना आणली, ती बेसुमार पाठांतराला लगाम घालण्यासाठीच.

दुसरे साधन म्हणजे मृत्यूची गोष्ट. आजच्या वाचकाला हे खटकेल. जेम्स जेनवे या प्युरिटन लेखकाने १६७१ मध्ये श्रद्धेने मरण पत्करलेल्या बालकांच्या चरित्रांचे पुस्तक लिहिले आणि ते दोनशे वर्षे मुलांच्या हाती दिले जात होते. एकोणिसाव्या शतकातील संडे स्कूलच्या पुस्तिका त्याच वळणाच्या: आजारी मूल, उशाशी आई, ओठांवर स्वर्गाचे अभिवचन. गोवर, घटसर्प आणि कॉलरा घरटी एखादे मूल नेत असता, पलीकडे भेट होईल हा दिलासा त्या वर्गातल्या मुलांना रोजच्या उपयोगाचा होता. या पुस्तिकांना केवळ भीती घालणारे वाङ्मय म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. पुढे बालमृत्यू घटले तसे स्वर्गाचे अभिवचन वर्गातून मागे सरकले आणि या जगात सोबत, संरक्षण व मार्गदर्शन देण्याची अभिवचने पुढे आली. बायबल तेच राहिले. त्यातून काय निवडायचे ते मोठ्यांच्या काळजीवर ठरत गेले.

अभिवचने वेचून काढण्याची सवय संडे स्कूलहून जुनी आहे. जर्मन भक्तिपंथातील कार्ल हाइन्रिख फॉन बोगाट्स्की याने १७१८ मध्ये रोज एक वचन देणारा संग्रह छापला होता. हेर्नहूटच्या मोरेव्हियन मंडळीत दर दिवसाला एक वचन चिठ्ठी टाकून निवडत, आणि त्यांची वार्षिक पुस्तिका १७३१ पासून निघते आहे. इंग्लंडात सॅम्युएल क्लार्क याचा अभिवचनांचा विषयवार संग्रह घराघरांत होता. व्हिक्टोरियन काळात त्याला अभिवचनांच्या पेटीची जोड मिळाली. हाताएवढे खोके, त्यात मधाच्या पोळ्यासारख्या उभ्या ठासून भरलेल्या कागदाच्या इवल्या गुंडाळ्या, आणि त्यांतली एक ओढून काढायला बारीक चिमटा. जेवणाच्या टेबलावर मुलाने चिमट्याने एक गुंडाळी काढायची, उलगडून वाचायची आणि दिवसभर मनात धरायची. लंडनचा प्रख्यात प्रवचनकार चार्ल्स स्पर्जन याने १८८८ मध्ये रोजच्या अभिवचनांचे पुस्तक काढले, त्याचे नावच धनादेशांच्या पुस्तकावरून घेतलेले होते: देवाने सही केलेला धनादेश विश्वासाने वटवावा.

हा व्यवहार खरोखर करून पाहणारा माणूस ब्रिस्टलला होता. जॉर्ज म्युलर याने १८३४ मध्ये शाळांना आणि रविवारच्या शाळांना मदत करणारी संस्था काढली आणि १८३६ पासून अनाथालये चालवली. कोणाकडेही पैसा मागायचा नाही, कर्ज काढायचे नाही, गरज फक्त प्रार्थनेत सांगायची, असा त्याचा नेम. १८७० पर्यंत त्याच्या पाच इमारतींत दोन हजारांवर मुलांची सोय होती. त्याचे वार्षिक अहवाल हजारो वाचकांपर्यंत जात, ही गोष्टही पैसा येण्याच्या कारणांत धरली पाहिजे. संडे स्कूलच्या शिक्षकांना मात्र म्युलरमुळे हाताशी जिवंत दाखला मिळाला. अभिवचनावर विसंबलेल्या अब्राहामाची गोष्ट फार जुनी होती, ब्रिस्टलची कालची.

म्युलरचे चरित्र महाराष्ट्रातही वाचले गेले. पंडिता रमाबाईंना मदत करण्यासाठी बॉस्टनला १८८७ मध्ये उभ्या राहिलेल्या संघाने दहा वर्षांपुरती हमी घेतली होती. ती मुदत १८९८ मध्ये संपली. तोवर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली पुणे जिल्ह्यातील केडगावला येऊन पोचल्या होत्या. रमाबाईंनी म्युलर आणि हडसन टेलर व जॉन पेटन या मिशनऱ्यांची चरित्रे वाचली होती आणि असेच भारतात का होऊ नये, असा प्रश्न स्वतःला विचारला होता. ठरावीक हमीवर न विसंबता देवाच्या अभिवचनावर केडगावचे मुक्ती मिशन चालवायचे त्यांनी ठरवले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या रहिवाशांची संख्या हजारावर गेली. त्या मुलींना शिकवले जाणारे अभिवचन छापील तिकिटावरचे नव्हते. संध्याकाळी ताटात भाकर पडली की नाही, यावर ते तपासता येत होते. म्हणूनच रमाबाईंनी छपाई, शेती, विणकाम यांचे शिक्षण प्रार्थनेइतकेच नेटाने चालवले.

भारतात रविवारच्या शाळेचा आरंभ १८०३ मध्ये बंगालमधील सेरामपूरला झाला, असे मानले जाते. मराठी मुलखात अमेरिकन मिशनरी १८१३ ला मुंबईत आले आणि १८३१ ला अहमदनगरला स्थिरावले. त्यांच्या खेडोपाडीच्या शाळांतून रविवारीही वर्ग भरत. या वर्गांतली बरीच मुले महार-मांग वस्त्यांतली होती, आणि गावच्या इतर शाळांची दारे त्यांना सहसा बंद असत. देवाने सर्वांना सारखे अभिवचन दिले आहे, हे वाक्य त्या वर्गात निव्वळ धर्मशास्त्राचे राहत नसे. १८७६ मध्ये अलाहाबादला भारतीय संडे स्कूल युनियनची स्थापना झाली. अमेरिकेत १८७२ मध्ये ठरलेले एकसमान पाठ तिच्यामार्फत देशी भाषांत येऊ लागले. त्या योजनेत सर्वत्र एका रविवारी एकच उतारा आणि त्यातले एक सुवर्णवचन शिकवायचे असे. अमेरिकेतील मुलांनी वापरून झालेली रंगीत चित्रकार्डे मिशनरी मागवून घेत आणि हजेरीचे बक्षीस म्हणून वाटत.

मराठीत या शिक्षणाला स्वतःचा सूर लाभला, तो पाठांपेक्षा गाण्यांतून. अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाची पद्धत उचलली. पूर्वरंग-उत्तररंगाच्या चौकटीत बायबलमधली आख्याने झांजा-मृदंगावर रंगू लागली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंगाच्या घाटात पदे रचली. ‘बालबोधमेवा’ हे मिशनचे मुलांचे मासिकही तेव्हा गोष्टी आणि चित्रे घरोघर नेत होते. परक्या मुलखातून आलेल्या पाठ्यक्रमात जे कोरडे वाटे, ते चालीवर बसले की मुलांच्या तोंडी सहज राहत असे. आजही मराठी मंडळ्यांत संडे स्कूलची मुले आधी गातात, मग वचन म्हणतात. वर्षअखेरीच्या उपासनेत नव्या सालासाठी वचनाचे कार्ड उचलण्याची प्रथाही अनेक ठिकाणी आहे.

विसाव्या शतकात शिक्षणशास्त्राने या पद्धतीवर बोट ठेवले. अमेरिकन धर्मोपदेशक होरेस बुश्नेल याने १८४७ मध्येच सांगितले होते की मूल घरच्या वातावरणातून श्रद्धा शिकते, एकाएकी झालेल्या पालटातून नव्हे. १९०३ मध्ये शिकागोला धर्मशिक्षणाची संघटना स्थापन झाली आणि १९०८ पासून वयानुसार पाठ ठरू लागले. सहा वर्षांच्या मुलाला आणि चौदा वर्षांच्या मुलीला एकच सुवर्णवचन देण्यात अर्थ नाही, हे मान्य झाले. पण वेचलेल्या वचनांचा मोह सुटला नाही. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन, ज्यात देव आपल्या लोकांना चांगल्या भविष्याची आशा देतो, ते आज कार्डांवर आणि भिंतींवर सर्वाधिक दिसणाऱ्या वचनांपैकी आहे. ते बाबेलात बंदी होऊन पडलेल्यांना लिहिलेल्या पत्रातले आहे. तिथेच घरे बांधा, बागा लावा, असे ते पत्र आधी सांगते, आणि अगदी आदल्या वचनात सुटकेला सत्तर वर्षे लागतील असे बजावते. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हयातीत ते घडणार नव्हते. अब्राहामालाही अभिवचन मिळाले तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता, आणि इसहाक जन्मला तेव्हा शंभरचा. कार्डावर मावणाऱ्या ओळीत ही वाट पाहणे येत नाही. संडे स्कूलच्या अडीचशे वर्षांत जे शिक्षक पूर्ण गोष्ट सांगत आले, त्यांनी मुलांना अभिवचन शिकवले. बाकीच्यांनी पाठांतर करून घेतले.