काचेतील जलोद्यान : आराखडा पाण्यावरून ठरावा

मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नहरींद्वारे ज्या शहराला पाणी पुरवले, त्या छत्रपती संभाजीनगरात पाण्याचा प्रश्न कधीच जुना झाला नाही. पाणचक्कीच्या हौदातील मासे पाहत थांबणे हा येथील अनेक पिढ्यांच्या सहलीचा भाग राहिला आहे. पण घरच्या नळाला मात्र अनेक वर्षे काही दिवसांआडच पाणी येत आले. अशा शहरात दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत पाणवनस्पतींची बाग फुलवणे ही चैन वाटणे स्वाभाविक आहे. ती चैन ठरते की मोजक्या पाण्यात निभावणारा छंद, हे टाकीच्या आराखड्यावर अवलंबून असते. परदेशी छायाचित्रातील देखावा जसाच्या तसा उचलला, तर दर आठवड्याला अर्धी टाकी रिकामी करावी लागते. आपल्याकडचे पाणी, दगड आणि उन्हाळा लक्षात घेऊन आखणी केली, तर महिन्याला दोन बादल्या पाण्यात काम भागू शकते.

कलेचा उगम

बंदिस्त टाकीत वनस्पती आणि मासे एकमेकांना तगवून धरतात, हे इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये प्रयोगाने दाखवले. पुढे नेदरलँड्समधील हौशी मंडळींनी वनस्पतींच्या रंगीत रांगा लावण्याची ‘डच’ शैली रूढ केली. या कलेला आजचे रूप दिले ते जपानमधील निइगाताचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी. डोंगर, दरी, कुरण अशा निसर्गदृश्यांची रचना त्यांनी टाकीत आणली आणि १९८२ मध्ये या साहित्याची स्वतःची कंपनी स्थापन केली. लिस्बनच्या मत्स्यालयातील त्यांची ४० मीटर लांबीची जलरचना २०१५ मध्ये, त्यांच्या निधनाच्या काही महिने आधी, लोकांसाठी खुली झाली. त्यांच्या पद्धतीत प्रखर प्रकाश, कर्बवायूचा पुरवठा, खतांची मात्रा आणि वारंवार पाणीबदल हे चारही घटक एकत्र येतात. त्यातील एक जरी निसटला, तरी शेवाळ माजते.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतील डायाना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात मांडलेली पद्धत आहे. तळाला साधी माती, त्यावर वाळूचा थर, मध्यम प्रकाश, भरपूर वनस्पती आणि क्वचित पाणीबदल, असे तिचे स्वरूप आहे. पाण्याची टंचाई असलेल्या शहरासाठी मांडणीचे सौंदर्य अमानोंकडून आणि देखभालीची रीत वॉलस्टॅड यांच्याकडून घेणे शहाणपणाचे ठरते.

आधी पाणी तपासा

शहराला जायकवाडीच्या नाथसागरातून पाणी येते आणि ते कमी पडले की बोअरवेल किंवा टँकरचा आधार घेतला जातो. बोअरचे पाणी दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपलेले असते. ते बहुधा जड असते आणि त्याचा जडपणा वस्तीगणिक बदलतो. म्हणून वनस्पतींची यादी करण्यापूर्वी दुकानात मिळणाऱ्या संचाने पाण्याचा सामू आणि जडपणा तपासावा.

पाणी साठवून ठेवण्याची सक्ती येथे एका अर्थी उपयोगी पडते. नळाच्या पाण्यातील मोकळा क्लोरिन एक-दोन दिवस उघड्या पिंपात साठवल्यावर बऱ्याच अंशी उडून जातो. ताजे पाणी लगेच वापरायचे असेल, तर मात्र क्लोरिननाशक औषध आवश्यक आहे.

खरा धोका उन्हाळ्यात असतो. कोरड्या हवेत टाकीतील पाणी झपाट्याने आटते. पाणी उडून जाते, पण त्यातील क्षार मागे राहतात. आटलेली जागा पुन्हा बोअरच्या पाण्याने भरत राहिल्यास जडपणा महिन्यागणिक चढतो आणि नाजूक वनस्पती खुरटतात. ही भर आर. ओ. यंत्राच्या शुद्ध पाण्याने किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने घालावी. पागोळ्यांचे पाणी साठवताना पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे. आर. ओ. यंत्रातून बाहेर पडणारे सांडपाणी टाकीत कधीही वापरू नये. त्यात क्षार अधिकच असतात.

दगड, माती आणि उतार

वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी ज्या बेसाल्टमध्ये कोरली गेली, तोच काळा पाषाण शहराच्या आसपास विपुल आहे. हिरव्या वनस्पतींच्या पार्श्वभूमीवर तो उठून दिसतो आणि पाण्यात फारसा विरघळत नाही. मात्र या खडकाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात. त्यातील काही झिओलाइट गटाचे, काही गारगोटीचे, तर काही कॅल्साइटचे असतात. कॅल्साइट म्हणजे चुन्याचेच रूप. ते पाणी आणखी जड करते. पांढऱ्या भागावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर तो दगड बाजूला ठेवावा. दगड बांधकाम साहित्य विकणाऱ्यांकडून घ्यावेत. संरक्षित स्थळांच्या परिसरातून उचलू नयेत.

मातीच्या बाबतीत मराठवाड्याची काळी कसदार जमीन येथे उपयोगी नाही. ती पाण्यात फुगते, चिकट गाळ होतो आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. रोपवाटिकेतील चाळलेली, रासायनिक खत वा शेणखत न मिसळलेली तांबूस माती अधिक योग्य. तिचा एक इंचाचा थर द्यावा आणि त्यावर धुतलेल्या बारीक खडीचा किमान एक इंचाचा थर घालावा. मागील बाजूस उंची वाढवायची ती मातीने न वाढवता खडीने वाढवावी. पुढे दोन इंच आणि मागे चार-साडेचार इंच असा उतार दिला की उथळ टाकीलाही खोली लाभते.

कागदावरचा आराखडा

बाजारात सहज मिळणारी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी नवशिक्याला पुरेशी आहे. तिची क्षमता सुमारे ७० लिटर असते. दगड-मातीनंतर प्रत्यक्ष पाणी साधारण ५५ लिटर उरते. भरलेल्या टाकीचे वजन ९० किलोच्या घरात जात असल्याने भक्कम बैठक आणि काचेखाली थर्मोकोलचा थर हवा. जागा थेट उन्हाची नसावी.

मांडणीचे तीन प्रकार मुख्य मानले जातात. दोन्ही बाजूंना उंच आणि मध्ये मोकळी दरी, मध्यभागी बेट आणि भोवती मोकळी वाळू, किंवा एका बाजूने उतरत जाणारा त्रिकोण. कोणताही प्रकार निवडला, तरी मुख्य दगड टाकीच्या बरोबर मध्यभागी ठेवू नये. सुवर्ण गुणोत्तरानुसार दोन फुटांच्या टाकीत त्याची जागा एका कडेपासून सुमारे सव्वानऊ इंचांवर येते. दगडांची संख्या विषम ठेवावी. मुख्य दगडाची उंची टाकीच्या दोन तृतीयांशांपर्यंत असावी आणि इतर दगड त्याच्याच दिशेने झुकलेले असावेत. सर्व दगड एकाच जातीचे, एकाच पोताचे घ्यावेत.

ही मांडणी प्रथम कोरड्या टाकीत, निव्वळ खडीवर करून पाहावी आणि दोन-चार दिवस तशीच ठेवावी. मातीचा तळ एकदा पाण्याखाली गेला की दगड हलवणे म्हणजे संपूर्ण टाकी गढूळ करणे आणि ते पाणी ओतून देणे. जेथे पाणी मोजके आहे, तेथे चुका कोरड्या टाकीत सुधारलेल्या बऱ्या.

कोणत्या वनस्पती?

जड पाणी आणि मध्यम प्रकाश मानवणाऱ्या वनस्पती अनेक आहेत. मागील रांगेत रिबनीसारखी व्हॅलिसनेरिया लावावी. शाळेतील प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगामुळे परिचित असलेली हायड्रिला सुरुवातीच्या आठवड्यांत उपयोगी पडते. ती जोमाने वाढून शेवाळाचे अन्न पळवते आणि नंतर काढून टाकता येते. मधल्या भागात क्रिप्टोकोरीन, तर दगड व लाकडावर दोऱ्याने बांधून जावा फर्न आणि अनुबियास लावता येतात. या दोघांचा जाड कंद खडीत पुरला तर कुजतो. पुढील गालिच्यासाठी बुटक्या, तग धरणाऱ्या जाती निवडाव्यात. छायाचित्रांत दिसणारे अतिबारीक पानांचे गालिचे कर्बवायूवाचून क्वचितच टिकतात.

क्रिप्टोकोरीनच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्याच आहेत. मात्र त्या ओढ्यांतून उपटून आणू नयेत. कास पठारावरील वायतुरा ही पाणवनस्पती तर सातारा परिसर आणि सह्याद्रीपुरतीच मर्यादित व दुर्मीळ आहे. टाकीसाठी रोपवाटिकेत वाढवलेलीच रोपे घ्यावीत.

प्रकाश आणि उन्हाळा

एल. ई. डी. दिवा रोज सहा ते आठ तास पुरेसा असतो. तो टायमरवर चालवावा. दिव्याची वेळ वाढवल्याने वनस्पतींपेक्षा शेवाळाचाच फायदा होतो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांपुढे गेले की पाणीही तापते आणि त्यातील प्राणवायू घटतो. टाकीचे झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा लावल्यास पाणी काही अंशांनी थंड होते. मात्र त्याने आटण्याचा वेग वाढतो, म्हणून शुद्ध पाण्याची भर येथे अधिकच महत्त्वाची. या दिवसांत दिवा सकाळी लवकर किंवा रात्री लावावा.

आराखड्याचे परिष्करण

लावणीनंतरचे दोन महिने हा खऱ्या घडणीचा काळ. क्रिप्टोकोरीनची पाने सुरुवातीला विरघळतात. मुळे शाबूत असल्यास नवी पाने फुटतात, म्हणून रोप उपटण्याची घाई नको. दर आठवड्याला एकाच जागेवरून टाकीचे छायाचित्र काढावे. ते कृष्णधवल करून पाहिल्यास गडद आणि उजळ भागांचा तोल कळतो. डावे-उजवे उलटून पाहिल्यास सवयीमुळे नजरेआड झालेला कल लक्षात येतो.

सुधारणा करताना एका वेळी एकच बदल करावा आणि दोन आठवडे थांबावे. दिवा, खत आणि छाटणी एकदम बदलल्यास कशाचा परिणाम झाला हे समजत नाही. उभ्या देठाच्या वनस्पती अपेक्षित उंचीपेक्षा खालून कापाव्यात. कापल्या ठिकाणी दोन फांद्या फुटून झुडूप दाट होते. नको असलेले रोप मातीतून खेचू नये, तर बुडाशी कात्रीने कापावे. बहुतेक टाक्यांना या टप्प्यावर नव्या रोपांची गरज नसते. एखादी जात कमी केली किंवा दगडासमोरची गर्दी हटवली की मूळ रेषा पुन्हा दिसू लागते. मोकळी जागा हा आराखड्याचाच भाग आहे.

मासे शेवटी

टाकीतील उपयुक्त जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. हे जिवाणू माशांच्या विष्ठेतील विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ते नायट्रेट वनस्पतींना खत म्हणून मिळते. त्यानंतरच मासे सोडावेत, तेही थोडे. जड पाणी मानवणारे गप्पी आणि चपळ झेब्रा डॅनिओ येथे योग्य. गोल्डफिश रोपे उपटतो आणि कोवळी पाने खातो. त्याला अशा टाकीत स्थान नाही.

छंद सोडताना मासे किंवा वनस्पती सलीम अली सरोवरात वा नाथसागरात टाकू नयेत. टाकीतील शेवाळ खाण्यासाठी विकला जाणारा सकरमाउथ मासा मोठा झाला की लोक तो पाण्यात सोडतात. असा मासा उजनीसारख्या जलाशयांत पसरून स्थानिक मासेमारांची डोकेदुखी ठरला आहे. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्यावेत. छाटलेल्या वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत घालाव्यात.

पाण्याचा हिशेबही मांडून पाहावा. दर आठवड्याला अर्धे पाणी बदलणाऱ्या टाकीला महिन्याकाठी ११० लिटर लागतात. मातीच्या तळाच्या स्थिर टाकीला दर पंधरवड्याला १० लिटर पुरतात, आटलेल्या पाण्याची भर वेगळी. काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असल्याने गच्चीवरील कुंड्यांना ते खतासारखे चालते.