आजीची सवत: एका स्प्रिंग हॅमरची गोष्ट

आजच्या भागाच्या सुरुवातीला जो आवाज आहे, त्यासाठी व्हॉल्यूम आधीच कमी करा. ज्यांनी हेडफोन लावून ऐकलं आणि कान चोळत इथे वाचायला आलात, त्यांना सॉरी. तो आवाज आमच्या बदलापूरच्या शेडमधल्या स्प्रिंग हॅमरचा आहे.

माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, हा हॅमर अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका गाळ्यात तीस वर्षं चालवला. कोयते, विळे, कुऱ्हाडी. मुरबाड-कर्जतकडे माणसं कमरेच्या आकडीत जो कोयता अडकवून रानात जातात ना, तो. गाळा विकला गेला तेव्हा भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला. सोमवारी गॅस कटर येणार होता. आम्ही रविवारी हायड्रा आणली.

एवढं कशासाठी? ते आजीला विचारा. मशीन यायच्या आधी कोयता दोघांनी व्हायचा. लोहार सांडशीत तापलेलं लोखंड धरून छोट्या हातोडीने जागा दाखवणार, समोरचा घण घालणार. घिसाडी कुटुंबात रस्त्याकडेला आजही तो घण बाईच्या हातात दिसतो. आमच्याकडे तो आजीच्या हातात होता. तिचा उजवा खांदा अजून पूर्ण वर जात नाही. आबा हॅमरवर कामाला लागले तेव्हा ती म्हणाली होती, "बरं झालं, सवत आली."

आता जरा मागे जाऊ. 24 नोव्हेंबर 1839 रोजी जेम्स नॅस्मिथ या इंजिनिअरने आपल्या वहीत वाफेवर चालणाऱ्या घणाचं चित्र काढलं. निमित्त होतं 'ग्रेट ब्रिटन' या जहाजाच्या प्रचंड शाफ्टचं. पुढे जहाजाला वल्ह्याच्या चाकांऐवजी मागचा पंखा लावायचं ठरलं, आणि तो शाफ्ट लागलाच नाही! घण मात्र जगभर गेला. पण वाफेचा घण म्हणजे बॉयलर आला, कोळसा आला. गावच्या लोहाराचं ते काम नव्हे.

लोहाराला हवा होता पट्ट्यावर फिरणारा घण. त्यात एक अडचण आहे. फिरत्या चाकाचा दांडा थेट घणाला जोडला, तर ऐरणीवर जाड लोखंड आल्यावर घण मध्येच अडेल, चाक पुढे जाऊ पाहील, आणि काहीतरी मोडेल. म्हणून मध्ये स्प्रिंग. अमेरिकेत मिनेसोटाच्या मँकेटो गावातला 'लिटल जायंट' हॅमर याच तत्त्वावर चालतो आणि कित्येक अजून चालू आहेत. त्यात गुंडाळीची स्प्रिंग असते. आमच्या लुधियानाच्या मशीनमध्ये ट्रकसारखा कमानपाटा आहे. पाटा वाकतो, झटका देतो, आणि घण जोरात खाली येतो. पायाखालचं पेडल हलकं दाबलं तर सावकाश, जोरात दाबलं तर मिनिटाला दोनशेच्या वर घाव. गंमत म्हणजे आबा कोयते करायचे तेही ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे. पाटाच पाट्याला बडवायचा.

शेडमध्ये आणल्यावर कळलं की दुखणं आवाजापेक्षा मोठं आहे. मोटर जळलेली. ती उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये रिवाइंड करून आणली. युद्धकाळातला मिलिटरी कॅम्प, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचं घर, आणि 1949 पासून उल्हासनगर. लोक अजून पत्ता कॅम्पच्या नंबरानेच सांगतात. 'मेड इन यूएसए'चा जोक मी तिथे केला नाही, ते ऐकून ऐकून कंटाळलेत.

खरा प्रश्न बेअरिंगचा होता. जुन्या हॅमरला बॉल बेअरिंग नसतं, व्हाइट मेटल असतं. शाफ्टभोवती ओतलेला मऊ, कथलाचा मिश्रधातू. आयझॅक बॅबिटने त्याचं पेटंट घेतलं तेही 1839 सालीच. म्हणजे घणाचं चित्र आणि त्याला सांभाळणारा धातू एकाच वर्षातले. पोलादाचा शाफ्ट झिजू नये म्हणून हा धातू स्वतः झिजतो. पूर्ण झिजला की वितळवून पुन्हा ओता. दुकानात पार्ट मिळत नाही म्हणून रडायला नको, पण ओतणारा हात हवा.

तो हात मिळाला अंबरनाथमध्येच. 1953 मध्ये तिथे सरकारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी सुरू झाली, आणि फिटर-टर्नरच्या दोन पिढ्या या भागात तयार झाल्या. त्यातले एक रिटायर्ड काका आले. त्यांनी आधी सगळं गरम करून कोरडं केलं, कारण ओलाव्याचा एक थेंब राहिला तरी वाफ होऊन धातू तोंडावर उडतो. शाफ्टला ज्योतीची काजळी धरवली, म्हणजे धातू चिकटत नाही. मग मातीने फटी लिंपल्या. थर्मामीटर कुठाय, मी विचारलं. त्यांनी गुल काढलेली आगपेटीची काडी धातूत बुडवली. काळी पडली पाहिजे, पेटता कामा नये. विमकोचा काड्यापेटीचा कारखाना ज्या गावात होता, तिथली ही परीक्षा!

बाकी काम माझं. पाट्याला तडा आहे का बघणं, ठोकणीच्या पाचरी रोज तपासणं, तासातासाला तेल. आणि ठोकण्या एकमेकींवर कोऱ्या कधीच आपटायच्या नाहीत, मध्ये तापलेलं लोखंड हवंच. ही शेवटची गोष्ट मी एकदा विसरलो. आबा दोन दिवस बोलले नाहीत.

आबांना आता नीट ऐकू येत नाही. तीस वर्षांत कानात साधा कापूससुद्धा घातला नव्हता. मी इअरमफ लावतो. हा पॉडकास्ट ते ऐकू शकत नाहीत, म्हणून प्रत्येक भाग असा लिहून टाकतो, आणि ते मोबाइलवर अक्षर मोठं करून वाचतात.

पहिल्यांदा मशीन फिरलं तेव्हा आजी दारात उभी होती. आबांनी खांबावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसेच थांबले आणि म्हणाले, "डावीकडचं बेअरिंग घट्ट आहे. बंद कर." मी हात लावून बघितला. तापलेलं होतं.