श्रद्धा आणि मेंदू: भक्ती अचानक बदलली तर डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

देवावर श्रद्धा असणे हा आजार नाही, नसणे हाही नाही. तरीही डॉक्टरांकडे आलेले नातेवाईक कधी कधी दबक्या आवाजात विचारतात, "यांचं हे देवाचं बोलणं आजारामुळे तर नसेल?" हे विचारण्यात संकोच वाटायचे कारण नाही. काही वेळा उत्तर 'हो' असते आणि तेव्हा उशीर महागात पडतो.

मेंदूत देवाची वेगळी जागा असते का?

नाही. २००६ मध्ये कॅनडातील संशोधकांनी १५ कॅथलिक नन्सना आयुष्यातला सर्वांत उत्कट ईश्वरानुभव आठवायला सांगून त्यांच्या मेंदूचे स्कॅन केले. तेव्हा एक नव्हे, तर मेंदूचे अनेक भाग एकाच वेळी काम करताना दिसले. डेन्मार्कमधील एका अभ्यासात, श्रद्धाळू माणूस स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करतो तेव्हा दुसऱ्या माणसाशी बोलताना लागणारे भाग कार्यरत होतात असे आढळले. विठ्ठलाशी हक्काने भांडणाऱ्या कुणालाही याचे नवल वाटणार नाही! देव आहे की नाही, हे मात्र कोणताही एमआरआय सांगू शकत नाही.

फिट आणि ईश्वरी अनुभव

कानाच्या वरच्या बाजूला, कवटीच्या आत मेंदूचा टेम्पोरल लोब असतो. भावना आणि स्मृती यांच्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. इथून सुरू होणाऱ्या फिटमध्ये माणूस पडतोच असे नाही. पोटातून काहीतरी वर सरकल्यासारखे वाटते, नसलेला वास येतो, अकारण भीती वाटते किंवा 'हे पूर्वी घडून गेले आहे' असे वाटते. मग एक-दोन मिनिटे नजर शून्यात लागते, ओठ चाटणे किंवा कपडे चाचपणे सुरू होते आणि नंतर त्यातले काही आठवत नाही.

अगदी थोड्या रुग्णांना या वेळी विलक्षण आनंद होतो, ईश्वर जवळ असल्यासारखे वाटते. रशियन लेखक दोस्तोयेव्हस्की यांना फिट येत असत आणि अशा आनंदाचे वर्णन त्यांनी केले आहे. पण बहुसंख्य रुग्णांना असा अनुभव येत नाही. त्यामुळे इतिहासातल्या प्रत्येक संताला फिटचा रुग्ण ठरवण्याची हौस वैद्यकीयदृष्ट्या निराधार आहे.

घरच्यांनी खास लक्ष ठेवावे ते फिटनंतरच्या दिवसांवर. लागोपाठ फिट येऊन गेल्यावर रुग्ण काही तास ते काही दिवस अगदी नीट वागतो, घरचे निश्चिंत होतात आणि मग अचानक तो 'मला देवाने निवडले आहे' असे म्हणू लागतो, झोपत नाही, कधी आक्रमक होतो. याला फिटनंतरचा मनोविकार म्हणतात. तो उपचारांनी बरा होतो, पण त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवे.

अंगात येणे म्हणजे फिट का?

बहुतेक वेळा नाही. अंगात येते ते आरती, ढोल, जत्रा अशा ठरावीक प्रसंगी, चारचौघांत. फिटला मुहूर्त लागत नाही. ती भाजी चिरताना, एसटीत किंवा झोपेतही येते. शंका असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. मेंदूविकारतज्ज्ञांना तो फार उपयोगी पडतो, कारण दोन फिटच्या मधल्या काळात ईईजी नॉर्मल येऊ शकतो.

इतर कारणे

चार-चार दिवस न झोपता उत्साहात असणे, भरमसाट खर्च करणे आणि स्वतःला अवतार समजणे ही मॅनियाची लक्षणे असू शकतात. आज्ञा देणारे आवाज ऐकू येणे हे स्किझोफ्रेनियात दिसते. वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागला तर आधी जंतुसंसर्ग आणि रक्तातील सोडियम तपासावे लागते. उतारा, अंगारा यात गेलेला वेळ इथे जिवावर बेतू शकतो.

घरच्यांनी काय करावे?

देव खरा की खोटा यावर रुग्णाशी वाद घालू नका. झोप, जेवण, औषधे आणि वागण्यातला बदल कधीपासून आहे ते टिपून ठेवा. फिट येत असताना कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. रुग्णाला कुशीवर वळवा. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा आवाज 'स्वतःला संपव', 'याला मार' असे सांगत असतील, तर १०८ वर फोन करा. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

फिटच्या रुग्णांनी निर्जळी उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नये. ती कशी घ्यायची हे आधीच विचारून ठेवावे. रात्रभराचे जागरणही टाळावे, कारण अपुऱ्या झोपेने फिट येऊ शकते.

'औषधांनी त्यांची भक्ती जाईल का?' ही भीती अनेकांना वाटते. उपचारांचा उद्देश फिट, भास आणि निद्रानाश थांबवणे हा असतो. आजारापूर्वीची रोजची पूजा, नमाज किंवा प्रार्थना रुग्णाला खुशाल चालू ठेवता येते.