दुधाची बाटली आणि कुंपणातली शिकार

पैसे भरून वन्यप्राण्यांची सेवा करण्याची प्रथा गेल्या काही दशकांत जगभर पसरली असून, सिंह, वाघ, बिबट्या अशा मोठ्या मार्जारवर्गीय प्राण्यांच्या बाबतीत तिचे सर्वांत मोठे आणि सर्वांत वादग्रस्त केंद्र दक्षिण आफ्रिका हे ठरले. या प्रथेची भावनिक जमीन जॉय अ‍ॅडमसन यांच्या १९६० सालच्या ‘बॉर्न फ्री’ या पुस्तकाने आणि १९६६ मधील त्याच नावाच्या चित्रपटाने तयार केली होती. केनियात हाताने वाढवलेली एल्सा ही अनाथ सिंहीण पुन्हा रानात गेली. पुढच्या काळातील सिंहपैदास केंद्रांनी मात्र तिच्या कथेतील माया तेवढी उचलली आणि रान वगळले.

या केंद्रांचा खरा आधार होता तो ‘कॅन्ड हंटिंग’चा, म्हणजे बंदिवासात वाढवलेला सिंह कुंपणाच्या आत शिकाऱ्यापुढे सोडण्याचा व्यवसाय. १९९७ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘द कुक रिपोर्ट’ने तो उघडकीस आणला, तेव्हा प्रेक्षकांनी पाहिले की तारेच्या एका बाजूला छावे होते आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या आईवर गोळ्या झाडल्या जात होत्या. २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शासनाने नियम केला की असा सिंह किमान २४ महिने मोकळा राहिल्याशिवाय त्याची शिकार करता येणार नाही. परंतु पैदासकारांनी त्याला आव्हान दिले आणि २०१० मध्ये तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बंदिवासात जन्मलेला सिंह रानात पुन्हा वसवणे व्यवहारात शक्य नाही, हे या खटल्यात ठळकपणे पुढे आले, आणि त्याच सुमारास अनेक स्वयंसेवकांना नेमके उलटे सांगितले जात होते.

स्वयंसेवकाचे काम बाहेरून पाहता निर्मळ वाटते. छाव्याला दर काही तासांनी बाटलीने दूध पाजायचे आणि आई जिभेने चाटून करते ते काम ओल्या कापडाने पोट चोळून करायचे, म्हणजे त्याला लघवी होते. पण छावा अनाथ असतोच असे नाही. रानातील सिंहीण साधारण दोन वर्षांनी पुन्हा विते, तर पिल्ले काही दिवसांतच काढून घेतली की ती लवकर पुन्हा माजावर येते. त्यामुळे हा विरह अपघाती नसून व्यवसायाचा भाग असतो. छावा मोठा झाला की पर्यटकांसोबत फिरण्यासाठी, त्यानंतर शिकारीसाठी आणि शेवटी हाडांसाठी वापरला जाई. सांगाड्यांच्या निर्यातीचा कोटा २०१७ मध्ये ८०० होता आणि तो न्यायालयाने २०१९ मध्ये बेकायदेशीर ठरवला. सद्भावनेने दिलेले शुल्क या साखळीचे पहिले भांडवल होते, आणि ही या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक बाब आहे.

२०१५ मधील ‘ब्लड लायन्स’ या माहितीपटाने स्वयंसेवकांची ही फसवणूक जगापुढे मांडली. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पर्यटन व्यावसायिकांच्या ‘साट्सा’ या संघटनेने पिल्लांना हाताळण्याचे आणि हिंस्र प्राण्यांसोबत चालण्याचे कार्यक्रम टाळावेत अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तर २०२१ मध्ये उच्चस्तरीय समितीच्या अहवालानंतर सिंहांची बंदिस्त पैदास थांबवण्याची दिशा शासनाने जाहीर केली.

महाराष्ट्रात जुन्नर-नाशिक पट्ट्यात याच्या उलट पद्धत रूढ झाली आहे. ऊसतोडीत सापडलेले बिबट्याचे बछडे, पशुवैद्यकाने तपासल्यावर, त्याच शेतात प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवले जातात आणि माणसे दूर होतात, म्हणजे रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. जो प्रकल्प परक्या हातांना छावा कुरवाळू देतो, पण त्या छाव्याची आई कुठे आहे आणि मोठा झाल्यावर तो कुठे जातो या दोन प्रश्नांची कागदोपत्री उत्तरे देत नाही, त्याला वाचकाने पैसे देऊ नयेत.