सतरंजीच्या दोन्ही बाजू

मैत्रिणींनो, सतरंजीला हल्ली फार भाव आला आहे. मंदिरात स्वाध्यायाला, लग्नाच्या पंगतीला, पाहुण्यांच्या गाद्यांखाली जी आपण वर्षानुवर्षं अंथरली, तीच जुनी झाली की दुकानात दिमाखानं भिंतीवर टांगलेली दिसते. १९८२ साली स्टीव्हन कोहेन या अभ्यासकानं सतरंजीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा तिची कदर होत नाही हे त्याला पुस्तकाच्या नावातच सांगावं लागलं होतं.

मला आवडतो तो तिचा साधेपणा. गालिच्याला गाठी मारून लव काढतात, सतरंजीला लव नसते. ताण्यात सुती बाणा भरायचा आणि पंजानं ठोकून घट्ट बसवायचा. ताणा पुरता झाकला जातो आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. घडी करून उचलावी, झटकावी, खालची जमीन हलक्या हातानं झाडावी. लवेत किडामुंगी अडकत नाही. रेशमासारखे कोश उकळावे लागत नाहीत. आपल्या घरांना ती शोभते ती यामुळेच.

पण तिला आणखी एक बाजू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तुरुंगांत माग बसले. आग्रा, बिकानेर आणि आपल्या पुण्याचं येरवडा इथं कैद्यांकडून गालिचे-सतरंज्या विणून घेत. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या 'जेल दरी' आज हौशी लोक शोधत फिरतात. आग्र्याच्या तुरुंगात विणलेला एक अवाढव्य गालिचा इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजवाड्यात आहे. तो व्हिक्टोरिया राणीचा म्हणून ओळखला जातो, विणणाऱ्यांचा म्हणून नाही.

इथं मी अडखळते. धागा अहिंसेचा, पण हात सक्तीचा. मग अशी सतरंजी घरात ठेवावी का? मला वाटतं, ठेवावी. टाकून दिल्यानं त्या कैद्याचे कष्ट परत मिळत नाहीत. मात्र तिचं कौतुक करताना तिची गोष्टही मुलांना सांगावी.

आणि नवी घ्यायची असेल, तर धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या बायका आजही घरच्या मागावर सतरंज्या विणतात. तिथले लोक त्याला जमखाना म्हणतात. घासाघीस न करता, विणणारीच्या हातात पैसे पडतील अशा ठिकाणाहून घ्या. अपरिग्रह सांभाळून एकच घ्या, पण पुढच्या पिढीपर्यंत टिकेल अशी घ्या.